टोपलीच्या खेळाचे जनक : डॉ. जेम्स नेस्मिथ

यंदां हिंवाळ्याच्या आरंभीं आमच्या शाळेचा बास्केटबॉलचा संघ जळगांवाहून धुळ्यास सामन्यांसाठीं गेला होता व दुसऱ्याच फेरींत हरून परत आला, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. येतांना पारोळें मागें पडेपर्यंत मोटारींत कोणी कोणाशीं बोललें नाहीं. हरल्याचें दुःख आम्ही समजूं शकतों. परंतु सामना संपल्यावर आमच्या दोन खेळाडूंनीं समोरच्या मुलांशीं हस्तांदोलन करण्याचें नाकारिलें, हें मात्र आमच्या मनास फार लागलें. त्यांस शिक्षा करावी कीं चार शब्द सांगावे, या विचारांत आम्ही असतां, ज्या गृहस्थांनीं हा खेळ शोधून काढिला त्यांचें आम्हांस स्मरण झालें. वर्गांत विचारिलें तों एकाहि मुलास त्यांचें नांव सांगतां आलें नाहीं. जो खेळ रोज संध्याकाळीं अंधार पडेपर्यंत खेळावयाचा, त्याच्या कर्त्याचें नांवहि ठाऊक नसावें, ही गोष्ट आम्हांस बरी वाटली नाहीं; म्हणून हें अल्प चरित्र.

जेम्स नेस्मिथ यांचा जन्म ता. ६ नोव्हेंबर १८६१ रोजीं कानडा देशांतील ऑन्टेरिओ प्रांतांत, आमॉन्ट गांवाजवळ झाला. आईबाप मूळचे स्कॉटलंडचे. नशीब काढण्याकरितां समुद्र ओलांडून आलेले. जेम्स आठ-नऊ वर्षांचा असतां बाप लांकडाच्या वखारीच्या कामासाठीं कुटुंब घेऊन ग्रँड कॅल्युमेट बेटावर राहावयास गेला. तेथें १८७० सालीं विषमज्वराची सांथ आली, आणि कांहीं आठवड्यांच्या आंत बाप गेला व आईहि गेली. बहीण ॲनी, जेम्स आणि धाकटा रॉबी अशीं तीन पोरकीं भावंडें आजीच्या व मामाच्या आश्रयास आलीं. मामा पीटर यंग अविवाहित, कष्टाळू व करड्या शिस्तीचे होते. त्यांच्या शेतावर जेम्स नांगर धरावयास, लांकडें तोडावयास व घोडे हांकावयास शिकला. काम सांगितलें म्हणजे तें पुरें करून यावयाचें, मध्येंच मदत मागावयाची नाहीं, असा त्या घरचा दंडक असे. आपल्याकडे मामाच्या घरीं वाढलेल्या मुलाचे लाड होतात असें म्हणतात; या मामांच्या घरीं तशी चाल नव्हती.

त्या गांवाजवळ एका लोहाराच्या दुकानामागें मोठा खडक होता. त्यावर एक लहान दगड ठेवावयाचा व इतरांनीं दुरून दगड मारून तो पाडावयाचा, असा त्या मुलांचा खेळ असे. आमच्या खानदेशांतील मुलें लगोरी खेळतात, तिचाच हा चुलत भाऊ म्हणावा. त्यांत एक गोम अशी होती कीं दगड जोरानें सरळ फेंकला तर तो नेम चुकल्यास फार दूर जाई, आणि तो उचलून परत येईपर्यंत राखणारा गडी आपल्याला बाद करी. म्हणून जाणते खेळाडू दगड हलक्या हातानें, कमानीसारखा उंच फेंकीत. ही बारीकशी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचा उपयोग वीस वर्षांनंतर व्हावयाचा आहे.

पंधराव्या वर्षीं जेम्सनें शाळा सोडली व तो जंगलांत लांकूडतोड्यांच्या तळावर मजुरी करूं लागला. तेथील संगत चांगली नव्हती. एकदां तो मद्याच्या दुकानांत पेला हातीं घेऊन उभा असतां, त्याच्या मृत आईस ओळखणाऱ्या एका वडील मजुरानें तिची आठवण करून दिली, आणि जेम्सनें तो पेला तसाच खालीं ठेविला. पुढें जन्मभर मद्यास स्पर्श केला नाहीं, असें सांगतात. चार-पांच वर्षें अशीं गेल्यावर त्यास आपली चूक कळली. विशीच्या सुमारास तो पुन्हां आमॉन्टच्या हायस्कुलांत, आपल्याहून कितीतरी लहान मुलांच्या बांकावर येऊन बसला. नापास झाल्यामुळें शाळा सोडूं पाहणाऱ्या आमच्या मुलांच्या पालकांनीं हा प्रसंग घरीं वाचून दाखवावा.

१८८३ सालीं ते माँट्रिअल येथील मॅकगिल विद्यापीठांत गेले व १८८७ सालीं पदवीधर झाले. पुढें तेथीलच प्रेस्बिटेरियन धर्मशास्त्र विद्यालयांत त्यांनीं अभ्यास केला व तो १८९० सालीं संपविला. धर्मोपदेशक व्हावयाचें हें त्यांचें ठरलें होतें व घरच्यांचीहि तीच इच्छा होती. परंतु याच काळांत त्यांस खेळांचा नाद लागला. कसरतींत ते पटाईत झाले व विद्यापीठाच्या रग्बीच्या संघांत धसमुसळेपणानें खेळूं लागले. त्या काळीं मैदानी खेळ म्हणजे सैतानाचीं हत्यारें असें मानणारे पुष्कळ भाविक लोक होते, आणि नेस्मिथ यांचे सोबती त्यांच्यासाठीं एकत्र जमून प्रार्थना करीत. एका रविवारीं ते सुजलेले व काळेनिळे डोळे घेऊन व्यासपीठावर उभे राहिले, तेव्हां मंडळींस काय वाटलें असेल याची कल्पना करावी.

मग एके दिवशीं सामन्यांत शेजारच्या गड्याच्या तोंडून रागाच्या भरांत अपशब्द निघाला. नेस्मिथ जवळ आहेत हें ध्यानांत येतांच तो खजील झाला व त्यानें त्यांची क्षमा मागितली. नेस्मिथ यांनीं त्यास कधीं उपदेश केला नव्हता. ते केवळ त्याच्या बरोबर सरळपणें खेळत आले होते. त्या रात्रीं त्यांनीं पुष्कळ विचार केला. चर्चमध्यें येऊन बसणाऱ्यांना सांगणारे उपदेशक पुष्कळ आहेत. मैदानावर कोण आहे? या प्रश्नानें त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. पाळकाचा झगा घालण्याऐवजीं ते १८९० सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणशाळेंत दाखल झाले. घरीं याचा मोठा विषाद झाला. बहीण ॲनीनें तर भावाला याबद्दल शेवटपर्यंत क्षमा केली नाहीं, असें म्हणतात. धर्मकार्य सोडून चेंडूच्या मागें गेलेला भाऊ, एवढेंच तिला दिसलें. आम्हांस तिचा राग येत नाहीं. आईबापांच्या पाठीमागें जिनें भावंडांना पाहिलें, तिचीहि कांहीं स्वप्नें असतील.

आतां आपण मुख्य प्रसंगाकडे येऊं. १८९१ सालचा हिंवाळा होता. बाहेर बर्फ पडलेलें. मैदानी खेळ बंद. शाळेंत अठरा प्रौढ विद्यार्थ्यांचा एक वर्ग होता. त्यांना व्यायामशाळेंतील कवाईत व डंबेल्स यांचा मनस्वी कंटाळा आला होता. दोन शिक्षक त्या वर्गापुढें हात टेंकून गेले. तेव्हां शाळेंतील व्यायामविभागाचे प्रमुख डॉ. ल्यूथर ग्युलिक यांनीं तो वर्ग नेस्मिथ यांच्या गळ्यांत बांधिला, व चौदा दिवसांत बंदिस्त जागेंत खेळतां येईल असा नवा खेळ काढण्यास सांगितलें. वर्गावर नेमणूक होतांना सर्वांत द्वाड वर्ग नव्या शिक्षकाच्या वाट्यास येतो, ही रीत अमेरिकेंतहि आहे हें पाहून आम्हां शिक्षकांस थोडें समाधान वाटतें.

पहिले बारा-तेरा दिवस सर्व प्रयत्न फसले. फुटबॉल आंत आणून पाहिला, तर हातपाय मोडण्याची पाळी आली. पायानें मारावयाचा चेंडू आंत आणिला, तर खिडक्यांच्या कांचा धोक्यांत आल्या. लॅक्रॉस नांवाचा जाळीच्या काठीचा कानडी खेळ आणिला, तर काठ्या एकमेकांच्या अंगावर बसूं लागल्या. शेवटीं नेस्मिथ यांनीं जुने खेळ वळवून घेण्याचा नाद सोडला व ते मुळापासून विचार करूं लागले. धक्काबुक्की कां होते? चेंडू घेऊन पळणाऱ्यास अडवावें लागतें म्हणून. मग चेंडू घेऊन पळूंच दिलें नाहीं तर? त्यानें जेथें चेंडू झेलला तेथूनच तो फेंकला पाहिजे, असें ठरविलें कीं अंगाशीं झोंबण्याचें कारणच उरत नाहीं. पुढें प्रश्न असा कीं, लक्ष्य समोर उभें असेल तर जो तो अंगांतील सारें बळ एकवटून चेंडू हाणील, आणि पुन्हां तोच धोका. येथें त्यांस लोहाराच्या दुकानामागचा तो खडक आठवला. लक्ष्य डोक्याच्या वर व आडवें ठेविलें म्हणजे चेंडू कमानीनें, हलक्या हातानें टाकावा लागेल. बळापेक्षां कसब महत्त्वाचें ठरेल. लहानपणच्या लगोरीचा असा उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं शाळेचे रखवालदार स्टेबिन्स यांजकडे दोन खोकीं मागितलीं. खोकीं नव्हतीं, पीच नांवाच्या फळांच्या दोन टोपल्या तेवढ्या तळघरांत होत्या. त्याच सज्जाच्या कठड्याला दोन बाजूंस ठोकल्या. सज्जा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून टोपली दहा फुटांवर बसली. आणि आज जगांत कोठेंहि गेलें तरी कडें दहा फुटांवरच असतें. आमच्या पटांगणावरील कडेंहि त्यास अपवाद नाहीं. एका रखवालदाराच्या तळघरांत काय पडलें होतें यावरून खेळाचें नांव ठरलें, हें नवलच. खोकीं मिळतीं तर आज आपण कशाचे सामने खेळलों असतों?

नेस्मिथ यांनीं तेरा नियम लिहून भिंतीवर लाविले. ता. २१ डिसेंबर १८९१ रोजीं अठरा विद्यार्थ्यांचे नऊ-नऊ असे दोन पक्ष करून पहिला सामना झाला. संपूर्ण सामन्यांत एकच चेंडू टोपलींत पडला. विल्यम चेस नांवाच्या विद्यार्थ्यानें तो दुरून टाकिला होता. टोपलीला बूड असल्यामुळें चेंडू काढावयास शिडी लावावी लागली. जो वर्ग शिक्षकांना दाद देत नव्हता, तो खेळ थांबवावयास तयार होईना. फ्रँक महान नांवाच्या विद्यार्थ्यानें खेळास गुरुजींचेंच नांव द्यावें असें सुचविलें, तेव्हां नेस्मिथ हंसले, व अशा नांवानें कोणताहि खेळ मरून जाईल असें त्यांनीं त्यास सांगितलें. मग महाननेंच टोपली व चेंडू यांवरून बास्केटबॉल हें नांव काढिलें. आमची हुतूतू किंवा आट्यापाट्या प्रथम कोण खेळले हें कोणासहि सांगतां येणार नाहीं. ते खेळ गांवाच्या विहिरीसारखे, सर्वांचे. पण या खेळाची जन्मतिथि, जन्मस्थळ व जनक हीं तिन्ही निश्चित आहेत.

जानेवारी १८९२ मध्यें शाळेच्या नियतकालिकांत नियम छापून आले, आणि वाय. एम. सी. ए. च्या शाखांमार्फत हा खेळ झपाट्यानें पसरला. त्या पहिल्या वर्गांत गेंझाबुरो इशिकावा नांवाचा एक जपानी विद्यार्थीहि होता. शिकून बाहेर पडलेले कार्यकर्ते जेथें जेथें गेले तेथें तेथें चेंडू त्यांच्या बरोबर गेला. हिंदुस्थानांत या कामीं मद्रास येथील वाय. एम. सी. ए. च्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचा वांटा मोठा आहे. हॅरी क्रो बक यांनीं तें १९२० सालीं स्थापिलें, व तेथून शिकून आलेल्या ड्रिल मास्तरांनीं तो अनेक शाळांच्या अंगणांत नेला. १९३४ सालीं दिल्लीस पुरुषांचे पहिले राष्ट्रीय सामने झाले.

स्प्रिंगफील्डमध्यें शेजारच्या शाळेंतील कांहीं शिक्षिका हा खेळ पाहावयास आल्या व आम्हांसहि खेळूं द्या म्हणाल्या. नेस्मिथ यांनीं आनंदानें होकार दिला. त्या प्रारंभींच्या महिला खेळाडूंतच मॉड शर्मन होत्या. १८९४ सालीं त्यांच्याशीं नेस्मिथ यांचा विवाह झाला. त्यांना पुढें पांच अपत्यें झालीं.

नंतर ते डेन्व्हर येथें गेले, तेथील वाय. एम. सी. ए. मध्यें काम करीत करीत वैद्यकी शिकले, व १८९८ सालीं डॉक्टर झाले. त्याच वर्षीं कॅन्सस विद्यापीठांत त्यांची नेमणूक झाली. तेथें सकाळची उपासना चालविणें व विद्यार्थ्यांना व्यायाम शिकविणें अशीं दोन कामें त्यांच्याकडे होतीं, आणि लॉरेन्स हें विद्यापीठाचें गांव त्यांचें कायमचें घर झालें.

आतां आमच्या खेळाडूंनीं नीट लक्ष द्यावें. कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे पहिले शिक्षक नेस्मिथ हेच होते. ता. ३ फेब्रुवारी १८९९ रोजीं त्या संघाचा पहिला सामना कॅन्सस सिटीच्या वाय. एम. सी. ए. शीं झाला. ज्यांनीं खेळ निर्माण केला त्यांचा संघ त्या सामन्यांत ५ विरुद्ध १६ असा हरला. १९०७ पर्यंत ते या कामावर होते. त्या अवधींत ५५ सामने जिंकले व ६० हरले. त्या विद्यापीठाला पुढें जे शिक्षक लाभले, त्यांपैकीं जयांपेक्षां पराजय अधिक असलेले हे एकटेच. याचें त्यांस वैषम्य वाटलें असें कोठें दिसत नाहीं. सामन्याला ते बहुधा पंच म्हणून उभे राहत, आणि खेळाडूंच्या गुणसंख्येपेक्षां त्यांच्या उंचीची, वजनाची व प्रकृतीची नोंद त्यांस अधिक प्रिय असे. त्यांचाच विद्यार्थी फॉरेस्ट ॲलन यास दुसऱ्या एका महाविद्यालयानें खेळ शिकविण्यास बोलाविलें, तेव्हां हा खेळ शिकवावयाचा नसून खेळावयाचा असतो, असें नेस्मिथ यांनीं त्यास थट्टेनें म्हटलें. ॲलन यांनीं हें ऐकलें नाहीं. ते सामने जिंकणारे थोर शिक्षक झाले. गुरूचें खरें कीं शिष्याचें, हा वाद आमच्या शिक्षकांच्या खोलींत अजून मिटलेला नाहीं.

१९१६ सालीं मेक्सिकोच्या सरहद्दीवर ते लष्करी पाळक म्हणून गेले. पुढें पहिल्या महायुद्धांत सुमारें दीड वर्ष फ्रान्समध्यें वाय. एम. सी. ए. तर्फे सैनिकांत राहिले. त्या वेळीं त्यांचें वय पंचावन्नाच्या पुढें होतें.

एक गोष्ट मात्र आम्ही घाईनें सांगणार नाहीं. १९३३ सालीं जॉन मॅक्लेंडन नांवाचा एक काळा विद्यार्थी शारीरिक शिक्षण शिकण्याकरितां कॅन्सस विद्यापीठांत आला. तेथील संघांत काळ्या मुलांना त्या काळीं प्रवेश नव्हता. पोहण्याचा हौदहि त्यांना बंद होता, आणि पोहण्याची परीक्षा दिल्यावांचून पदवी मिळावयाची नव्हती. मॅक्लेंडन हौदांत उतरला, तेव्हां त्यांतील पाणी काढून टाकण्यांत आलें. येथें महाराष्ट्रांतील वाचकांस महाडचें चवदार तळें आठवल्यावांचून राहणार नाहीं. १९२७ सालीं डॉ. आंबेडकर व त्यांचे हजारों अनुयायी त्या तळ्याचें पाणी प्याले, आणि मागाहून तें पाणी शुद्ध करण्याचा विधि झाला. दोन देशांमध्यें अर्ध्या पृथ्वीचें अंतर, आणि पाण्याविषयींचें वेड एकच! वृद्ध नेस्मिथ यांनीं या मुलाला आपल्या पंखाखालीं घेतलें, त्याला जें जें ठाऊक तें तें शिकविलें, व हौदाच्या प्रश्नांत त्याची बाजू घेतली. तो हौद अखेर सर्वांस खुला झाला. मॅक्लेंडन कॅन्ससच्या संघाकडून एकहि सामना खेळूं शकला नाहीं. परंतु पुढें तो स्वतः मोठा क्रीडाशिक्षक झाला, व १९५७ पासून सलग तीन वर्षें त्याच्या टेनेसी स्टेटच्या संघानें छोट्या महाविद्यालयांच्या संघटनेचें राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें. पंचावन्न जय व साठ पराजय यांच्या हिशेबांत हे विजय कोणत्या रकान्यांत मांडावे, हें गणिताच्या मास्तरांना विचारावें लागेल.

१९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकमध्यें बास्केटबॉलला प्रथमच स्थान मिळालें. नेस्मिथ यांच्याजवळ प्रवासाचे पैसे नव्हते; तेव्हां ॲलन यांच्या पुढाकारानें अमेरिकेंतील सामन्यांच्या प्रेक्षकांकडून पैसा-पैसा गोळा करून त्यांना पाठविण्यांत आलें. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या त्या गृहस्थांनीं अनेक राष्ट्रांचे संघ आपला खेळ खेळतांना पाहिले. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या मैदानावर, भर पावसांत झाला. चिखलांत चेंडू उसळेना. अमेरिकेनें कानडाचा १९ विरुद्ध ८ असा पराभव केला. ज्या देशांत ते जन्मले तो हरला व ज्या देशाचे ते १९२५ पासून नागरिक होते तो जिंकला. पदकें त्यांच्याच हस्तें दिलीं गेलीं. याच बर्लिन नगरींत त्याच दिवसांत अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे आमचे वऱ्हाडी तरुण कबड्डी व मल्लखांब करून दाखवीत होते. नेस्मिथ यांनीं तें पाहिलें असतें तर दम धरण्याचा तो नियम त्यांस फार आवडला असता, असें आम्हांस उगीच वाटतें.

१९३७ सालीं पत्नी मॉड वारल्या व त्याच वर्षीं ते विद्यापीठांतून निवृत्त झाले. १९३९ सालीं त्यांनीं पुन्हां विवाह केला. परंतु त्याच वर्षीं ता. २८ नोव्हेंबर रोजीं लॉरेन्स येथें मेंदूंतील रक्तस्रावानें त्यांचें देहावसान झालें. आपल्या शोधापासून त्यांनीं द्रव्य मिळविलें नाहीं. ज्या दोन कागदांवर ते तेरा नियम लिहिले होते, ते डिसेंबर २०१० मध्यें न्यूयॉर्क येथें लिलांवांत सुमारें ४३ लक्ष डॉलरांस विकले गेले, व आतां कॅन्सस विद्यापीठांतच जतन केलेले आहेत.

त्यांच्या पश्चात्, दुसरें महायुद्ध संपल्यावर, त्या विद्यापीठाच्या संघाचा १९५१-५२ चा हंगाम अमेरिकेंत फार गाजला. शिक्षक अर्थात् ॲलन. मुख्य खेळाडू क्लाइड लव्हलेट, सहा फूट नऊ इंच उंचीचा. हंगामाच्या मध्यावर दोन सामने हरल्यावर संघ सांवरला, व मार्च १९५२ मध्यें सिॲटल येथें सेंट जॉन्स संघास ८० विरुद्ध ६३ असें हरवून त्यानें महाविद्यालयांचें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. लव्हलेटनें एकट्यानें ३३ गुण केले. त्या संघाचे सात खेळाडू त्याच उन्हाळ्यांत हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेले व सुवर्णपदक घेऊन आले. आणि त्याच हेलसिंकींत, त्याच पंधरवड्यांत, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत शिकलेल्या, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं कुस्तींत ब्राँझपदक मिळवून स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक पदक आणिलें.

हें सारें मुलांना वर्गांत सांगितल्यावर, ता. २१ डिसेंबरला आपण तो पहिला सामना खेळून पाहूं, अशी सूचना त्यांनींच केली. बाजारांतून बांबूच्या दोन टोपल्या आणून कड्यांच्या जागीं दहा फुटांवर बांधल्या. धुळ्याच्या संघास निमंत्रण धाडलें. त्यांच्यापैकीं चौघेच येऊं शकले, म्हणून मुलें मिसळून नऊ-नऊ गडी केले. नियम तेराच, चेंडू घेऊन पळावयाचें नाहीं. पहिल्या दहा मिनिटांत कोणालाच कांहीं सुचेना, व मुलें जागच्या जागीं उभीं राहून एकमेकांकडे पाहत होतीं. पुढें खेळ रंगला. हस्तांदोलन नाकारणाऱ्या आमच्या दोघांपैकीं एक या पक्षांत व एक त्या पक्षांत होता; त्यांतल्या एकानें धुळ्याच्या मुलानें दिलेला चेंडू टोपलींत टाकिला, आणि शाळेचे शिपाई शिडी घेऊन तो काढावयास वर चढले.